बाईचा दोरा

बाई बारशाला आली की घरच्या बायका आधी पाळण्यावरची खेळणी उतरवून पेटीत टाकत आणि मग तिला बसायला पाट देत. बाई रागावत नसे. पाटावर बसून इकडंतिकडं पाही. पाहुण्यांनी आणलेला एखादा प्लास्टिकचा पोपट कोनाड्यात विसरून राहिला असला तर उठून तो हातात घेई, नखानं दाबून पाही, नाकाशी नेई आणि बाळाच्या आजीला विचारी की बाळ हा चघळते का. आजी म्हणे, लेकरूच ते, चघळनच. मग तो पोपट बाईच्या पिशवीत जाई आणि कोनाड्यात स्टीलची वाटी-चमचा येई. पुढं पुढं तिला बारशाची बोलावणीच कमी झाली. ती बिनबोलावता वाटी-चमचा देऊन येई.

अर्जुनी मोरगावच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवे. लग्न केलं नाही. आई दुसऱ्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी करून हिला शिकवून गेली. त्यांच्या मोहल्ल्यात कॉलेजातून विज्ञान शिकून आलेली ही पहिली. दांड्याची पुरुषी सायकल चालवी. मागं कॅरिअरला डबा बांधलेला असे, पण त्यात भाकर नसे. त्यात काचेचा स्पिरिटचा दिवा, दोन बाटल्या आणि काड्यापेटी. अंबाड्यात इतर बाया आकडा खोवतात, ही तांब्याची तार खोवी. शाळेतली पोरं तिला तारवाली बाई म्हणत. तिला ते माहीत होतं. तार खरंच आहे, मग राग कशाचा, असं तिचं म्हणणं.

माझं शिक्षण चौथी. पण धंद्यात मला कोणी शिकवावं असं मी कधी ठेवलं नाही. खेळणी आणि बांगड्या विकण्यात माझी हयात गेली. आमच्या भागात दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी-जावई घरी येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक, दिवसभर बाजार. वर्षभर जे विकत नाही ते त्या महिन्यात विकते. एका गावची मंडई हुकली की हुकली, ती पुन्हा वर्षानंच.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची केशोरीची मंडई. दुकान ऐन भरात. ही बाई आली, हिरवा पोपट उचलला, सांगितली ती किंमत दिली. मला वाटलं, गिऱ्हाईक चांगलं आहे. तिनं तिथंच जमिनीवर दिवा लावला, अंबाड्यातली तार काढून तापवली, पोपटाच्या चोचीला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. अशी हिरवी, की जशी रोवणीनंतरची बांधी. माणसं गोळा झाली.

मी म्हणालो, "बाई, जादूच दाखवाची असन तं तिकडं दंडारीत जा. इथी माह्या पोटावर कायले पाय देऊन राहिल्या?"

"जादू नाही जी," ती म्हणाली. "तांब्याची तार आहे. तुमी करून पाहा."

आणि तार माझ्या हातात दिली. चार माणसांसमोर कोणी काही हातात दिलं तर मी मागं सरणारा माणूस नाही. मी एक मोटार जाळली, हिरवी. बाहुली जाळली, हिरवी. चेंडू जाळला, त्याची झाली नाही तर मी लोकांकडं असं पाहिलं की जसा तो चेंडू मीच बनवला. लोक म्हणत, अजून एक, अजून एक. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्या हातानं माझीच सतरा खेळणी जाळून झाली होती. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "लोकाइचं दुकान चोर लुटतेत. आपलं तुमीच जारून आले."

बाईनं तेव्हाच समजावलं होतं, पण रागात माझ्या डोक्यात गेलं नाही. हिरवी ज्योत म्हणजे विष नव्हे. त्यावरून प्लास्टिकची जात कळते. त्या जातीच्या मालात हलके कारखानदार शिसे मिसळतात, उन्हानं माल तडकू नये म्हणून. मिसळलं की नाही ते पाहायची तिची दुसरी रीत होती. खेळण्याचा तळ ब्लेडनं खरवडायचा, तो कीस रात्रभर सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, भिजवायचा, सकाळी बाटलीतल्या औषधाचा एक थेंब टाकायचा. थेंब टाकला की ती बोट वर करून दहापर्यंत मोजे. तेवढा वेळ कोणी बोललेलं तिला चालत नसे. दहाच्या आत पिवळं झालं की ते खेळणं गेलं.

विष हा शब्द मात्र तिनं कधी वापरला नाही. ती म्हणे, "विष म्हटलं की लोक भितात आणि घरी जाऊन विसरतात. शिसे म्हणा. नाव माहीत असलं की माणूस पुढच्या वेळी विचारते." आणि एकदा, माझी नात अंगणात खेळत होती तिच्याकडं पाहत म्हणाली, "शिसे पोटात गेल्यानं लेकरू ओरडत नाही, भाऊ. थोडं मंद होते. मंग आपन म्हनतो, मास्तर शिकवत नाही."

त्या केशोरीच्या मंडईत दुकान आवरता आवरता मी तिला म्हणून गेलो होतो की पुढच्या वर्षी या, एकाची जरी ज्योत हिरवी झाली तर दुकान बंद करीन. चांगुलपणानं नव्हे, तावात. पण बोललो म्हटल्यावर बोललो. गोंदियाला ठोक व्यापाऱ्याकडं मी दिवा घेऊन गेलो. तो म्हणाला, "काकाजी, खिलौना है, दवाई थोड़े है। उठाओ और बेचो।" मी गोदामात तार तापवायला लागलो तर त्यानं मला रस्त्यावर काढलं. मग मी दर खेपेला एक-एक नमुना विकत घेऊन स्टेशनच्या पलीकडं बसून तपासायचो आणि चांगला निघाला तोच माल गाडीनं अर्जुनीला आणायचो. तिथं बाई तो पुन्हा तपासे, आणि एक-एक नग तपासे. मी म्हणालो, एक पाहिला की डझन कळतो, शितावरून भाताची परीक्षा करतात लोक. ती म्हणाली, "भात एका हंड्यातला असते. हा माल किती हंड्यातला आहे, तुमाले माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. मी खोकं सोडून एक-एक नग तिच्यापुढं ठेवत गेलो. धंद्यात कोणाचं ऐकणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

तिचं एक जाड रजिस्टर होतं. वस्तू, रंग, ज्योत, थेंब, निकाल, शेरा, आणि शेवटी सही. सही माझी. ती म्हणे, माल तुमचा आहे, मी फक्त विचारणारी. मी पूर्ण नावाची सही करतो, एक-एक अक्षर जोडून, त्याला वेळ लागतो. बँकेतले बाबू तोंड वाकडं करतात. बाई पानावर बोट ठेवून थांबायची, सही पूर्ण होईस्तोवर.

पास झालेल्या खेळण्याला ती निळा दोरा बांधी. रोवणीच्या वेळी पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंडीला मारतात तशी गाठ, एका ओढीत बसणारी. आईसोबत चिखलात उभी राहून शिकलेली. ती गाठ मलाही येते, आमच्याकडं कोणाला येत नाही? दोन-तीन वर्षांत अशी गत झाली की मंडईतल्या बाया खेळणं उलटंपालटं करून आधी दोरा पाहत. "दोरावालं हाय का जी?" असं विचारत. शेजारचे दुकानदार कुढत. मी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, बाईनं तपासलेला माल, आणि तो छातीएवढा पुठ्ठा दुकानावर टांगला. तिला ते आवडलं नाही. तपासलं हे खरं आहे, बाईनं हे कायले, असं म्हणाली. मी पुठ्ठा काढला नाही.

नापास खेळणी ती स्वतः विकत घेई आणि घरी नेई. तिच्या पडवीत आढ्याला पोती लटकत, खेळण्यांनी भरलेली. गावात बोलत की लेकरू नाही म्हणून बाई बाहुल्या जमवते. पानठेल्यावर एकदा कोणी तसं म्हणाला आणि सगळ्यांसोबत मीही हसलो. ती सायकलवरून जात होती. ऐकलं की नाही, माहीत नाही. सायकल थांबली नाही एवढं खरं.

ती पोती फेकत का नाही, हे मी विचारलं होतं. ती म्हणाली, "जारलं तं धूर लेकराइच्याच नाकात जाते. फेकलं तं गाय खाते. पुरलं तं पान्याले लागते. तुमी जागा सांगा, आताच टाकून येतो." सरकारी कचेऱ्यांना आणि नागपूरच्या कोण्या संस्थेला तिची पत्रं जात. उत्तर येत नसे. ती तारीख टाकून नक्कल ठेवी आणि पुन्हा लिही.

आता जे सांगायचं टाळून राहिलो ते सांगतो.

एका वर्षी मंडईच्या आदल्या दिवशी मला दोन डझन लाल खुळखुळे मिळाले. तोच व्यापारी, तेच खोकं, खोक्यावर तेच हसणारं बाळ. मागच्या वर्षी असेच दोन डझन बाईनं पास केले होते, रजिस्टरमध्ये माझी सही होती. मी तिच्या घरी गेलो तर ती मलेरियाच्या तापानं फणफणत होती, दोन चादरी पांघरून पडलेली. उठायला लागली. मी म्हणालो, पडून राहा, नंतर पाहू. ते मी मनापासून म्हणालो. पण सकाळी केशोरीची मंडई होती आणि दोऱ्याशिवाय माझा माल कोणी घेत नव्हतं, ती सवय मीच लावली होती.

शिंप्याकडून निळ्या दोऱ्याचं रीळ आणलं. घरामागं बसून चोवीस गाठी मारल्या. तार घरात होती, तापवली असती तर निदान प्लास्टिकची जात लगेच कळली असती. पण मला वाटलं, इतकी वर्षं माल हाताळतो, माझी नजर काय कमी आहे? चूक झाली म्हणावं तर तेही म्हणता येत नाही, कारण मी ब्लेड घेऊन एक-एका खुळखुळ्याचा तळ खरवडला होता, बाई खरवडते तसा, तपासल्यासारखा दिसावा म्हणून. बायको दारात उभी राहून पाहत होती. "हे काऊन करून राहिले?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, तुला धंद्यातलं कळत नाही. चोवीसच्या चोवीस दुपारपर्यंत विकले गेले.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी बाईच्या पत्राला उत्तर आलं. नागपूरची माणसं पिस्तुलासारखं एक यंत्र घेऊन शाळेत आली. ते खेळण्यावर टेकवलं की आत शिसे किती आहे ते आकड्यात दिसे. जाळणं नाही, भिजवणं नाही. बाई नव्या साडीत होती, त्या यंत्राभोवती लेकरासारखी फिरत होती. मलाही बोलावलं होतं, शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार होता, तपासून विकणारा दुकानदार म्हणून. पोरांना घरून खेळणी आणायला सांगितलं होतं. सहावीतली एक मुलगी लहान भावाचा खुळखुळा घेऊन आली. लाल. त्याला निळा दोरा. बाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि नागपूरच्या साहेबाला म्हणाली, "हा दोरावाला आहे. हा आधी पाहा."

साहेबानं पाहिलं. पुन्हा टेकवून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, यात शिसे बरंच आहे."

हॉलमध्ये सगळी शाळा, पालक, दुकानदार. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर शाल. बाईनं रजिस्टर उघडलं, आदल्या वर्षीच्या मंडईचं पान काढलं. लाल खुळखुळे, दोन डझन, पास. माझी सही. तिनं ती ओळ बोट फिरवून पुन्हा वाचली. मग लोकांकडं तोंड करून म्हणाली, "चूक माझी आहे. माझ्या थेंबातून सुटलं. दुकानदाराचा दोष नाही."

मी उठलो नाही. उठायला काय लागते? दोन पाय लागतात, ते होते. सगळ्यांसमोर मी खोटा ठरेन एवढंच डोक्यात आलं. साहेबानं खुळखुळा पिशवीत घालून सील केला आणि नागपूरला नेला. त्या दिवसापासून बाईनं दोरा बांधला नाही. गावाला थट्टेला विषय मिळाला. कोणाचं टरबूज पांढरं निघालं तर लोक म्हणत, बाईचा दोरा होता का त्याले?

दुसऱ्याच दिवसापासून मी केशोरीकडची गावं फिरलो. जुना खुळखुळा द्या, नवा घ्या. लोक म्हणाले, बाईसोबत राहून हाही पागल झाला. अकरा परत मिळाले. बाराव्याचं सांगितलंच, तो नागपूरला गेला. उरलेले बारा कुठं गेले, कोणी चघळले, ती लेकरं आता कितवीत असतील, मला माहीत नाही. त्या सहावीतल्या मुलीचा भाऊ आता शाळेत जातो. रस्त्यात दिसला की मी त्याला पाढे विचारतो. तो मला पाहून पळतो.

अकरा खुळखुळे मी गोठ्याच्या मागं पुरले, विहिरीपासून लांब. बायकोनं त्या जागेवर पुढं ना वांगं लावलं ना मिरची.

बाई निवृत्त झाली आणि आपली चूक शोधायला बसली. तिला वाटे, सिरका कमी पडला असेल, औषध जुनं झालं असेल, दहाऐवजी वीस मोजायला हवं होतं. सगळी पोती आढ्यावरून उतरवून एक-एक खेळणं पुन्हा तपासायला घेतलं. बोटांची कातडी सोलून निघे. मला म्हणाली, भाऊ, तसाच एक लाल खुळखुळा आणून द्या, तो मिळाला तर कुठं सुटलं ते कळेल. मी गोंदियाला जाऊन आल्यासारखं केलं आणि सांगितलं की तो माल बंद झाला. बंद झालाच होता, ते खोटं नव्हतं. पण माझ्या गोठ्यामागं अकरा होते. त्यातला एक नेऊन दिला असता तर तिच्या थेंबानं तो लगेच पकडला असता, आणि आपली रीत बरोबर आहे हे तिला कळलं असतं. मग तिनं विचारलं असतं की थेंब पकडतो, तर याला दोरा कसा. त्या एका प्रश्नापायी मी ती माती उकरली नाही.

बायको म्हणे, "कुदर आनून देऊ का?" वर्षातून दोन-तीनदा म्हणे, भाजीबद्दल बोलल्यासारखी.

एकदा मी सांगायलाच गेलो होतो. बाईनं कोरा चहा केला. अंगणात सिरक्याच्या वाट्या रांगेनं मांडलेल्या, प्रत्येकीवर कागद झाकलेला. मी कप खाली ठेवला आणि घसा साफ केला. तेवढ्यात तीच म्हणाली, "गावात एक तुमीच राहिले जे हसले नाही. इतक्या वर्साची सोबत आहे, एकदा पन तुमी मले खोटं नाही सांगतलं." मी कप पुन्हा उचलला. त्यात चहा नव्हता. तरी तोंडाला लावला, आणि घरी आलो.

प्लास्टिक विकणं मी त्या वर्षीच सोडलं होतं. नुसत्या बांगड्या ठेवल्या. बाईला त्याचं फार कौतुक.

भाताला लोंब यायच्या दिवसांत ती गेली. चार दिवस आजारी होती, मला पाचव्या दिवशी कळलं. तेराव्या-चौदाव्या दिवशी तिचा भाचा आला, डबा आणि रजिस्टर घेऊन. म्हणाला, मावशीनं सांगितलं होतं की हे खेळण्यावाल्या भाऊंना द्या, त्यांना करता येते.

मी रजिस्टर शेवटून उघडलं. शेवटची कितीतरी पानं तिच्या एकटीच्या अक्षरात होती, सहीचा रकाना रिकामा. शेऱ्यात प्रत्येक ओळीला तेच, चूक सापडली नाही. काही ठिकाणी खाली, पुन्हा करणे.

दुपारची वेळ होती. मी गोठ्यामागं गेलो. कुदळ भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बायको दिसली नाही.

दोऱ्याचा रंग गेला होता, गाठी तशाच होत्या. एक खुळखुळा धुतला, तळ खरवडला, कीस सिरक्यात टाकला, वाटीवर कागद झाकला. सकाळी अंगणात पाट घेऊन बसलो. बाई सांगायची तसं औषध ताजं पाण्यात विरघळवलं. थेंब टाकला आणि बोट वर केलं. एक म्हटलं, दोन म्हटलं. तीन म्हणायची गरज पडली नाही. वाटीत हळद सांडावी तसं पिवळं झालं.

रजिस्टर घेतलं. वस्तू, खुळखुळा. रंग, लाल. थेंब, पिवळा. निकाल, नापास. शेऱ्यात लिहिलं, बाईची चूक नाही, हा तपासलाच नव्हता, दोरा मी बांधला. मग पूर्ण नावाची सही केली, एक-एक अक्षर जोडून. नेहमीसारखाच वेळ लागला. पानावर बोट ठेवून थांबायला कोणी नव्हतं.